डोंगरावर न गेलेला पंच

मी त्या दिवशी डोंगरावर गेलो नव्हतो. पंचनाम्यात मात्र लिहिलं आहे की गेलो होतो. ‘आम्ही खालील पंच समक्ष जागेवर हजर राहून पाहणी केली असता सदर जमीन पडीक असून त्यावर काटेरी झुडपे आहेत. कोणाचाही ताबा, वहिती अगर पीक दिसून आले नाही.’ त्याखाली पाच सह्या आहेत. तिसरी माझी. बाकीच्या चौघांपैकी एकदोघांनी कागद वाचलाही नसेल. मी वाचला होता. खोटं लिहिलं आहे हे मला कळलं होतं, आणि तरी मी सही केली.

ती जमीन मला डोळे मिटून ओळखता आली असती. आमच्या वावराचा वरचा धुरा आणि तिचा खालचा धुरा एकच. धुरा म्हणजे बांध. आणि ज्याच्या वावराला आपलं वावर लागून असतं तो आपला धुरकरी. सातबारावर ती जमीन सरकारची, ई-क्लास. पण माझ्या आठवणीत तिथे दर खरिपात पीक उभं आहे. गावातल्या एका बौद्ध कुटुंबाने माझ्या जन्माआधीच ती वहितीत आणली होती. डोंगराच्या उतारावरची बरड जमीन, मातीपेक्षा दगड जास्त. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्याने दगड वेचून वेचून उतारावर चार आडवे बांध रचले होते, माती वाहून जाऊ नये म्हणून. त्याचा मुलगा आज सत्तरीकडे झुकलेला. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. अतिक्रमण म्हणून सरकार त्यांना अधूनमधून दंड करायचं, आणि दंडाच्या पावत्या ते जपून ठेवायचे. एक दिवस सरकार जमीन नावावर करेल तेव्हा याच पावत्या कामी येतील, असं ते म्हणायचे. दंड भरल्याचा आनंद झालेला तेवढा एकच माणूस मी पाहिला आहे.

सही केली तो एप्रिल महिना होता. मी अकोल्याला राहतो, एका हायस्कुलात भूगोल शिकवतो, आणि रविवारी मोटारसायकलने गावाकडे जातो. फाट्यावरच्या चहाच्या दुकानासमोर जीप उभी होती. जीपच्या बॉनेटवर कागद पसरले होते. शेजारी सरपंच, पवनचक्कीच्या कंपनीचा एक माणूस आणि महसूलचा एक कर्मचारी.

आमच्याकडे पंचनाम्याची एक रीत पडून गेली आहे. गारपीट असो की जळालेलं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, असो, कागद आधी तयार होतो आणि पंच मागून शोधतात. त्या वेळी फाट्यावर जे बसले असतील ते पंच. सगळेच करतात म्हणून कोणालाच त्यात खोटं वाटत नाही. गावाला नुकसानभरपाई मिळावी म्हणून मीही दोनचार वेळा अशा सह्या केल्या होत्या. हात सरावला होता.

“या सर,” सरपंच म्हणाले. “तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. मास्तरची सही असली की कागदाले वजन येते.”

मी वाचलं. म्हणालो, “वर तर वाहतात ना ते लोक.”

“वाहतात म्हणजे? सरकारी जागेवर वाहणं म्हणजे वाहणं नाई, सर. अन आता एप्रिलात तुमी वर गेले तरी काय दिसनार आहे? तुमचं वावर तरी हिरवं आहे काय?”

चहावाल्यासकट सगळे हसले. मीही हसलो. कंपनीचा माणूस हसला नाही. त्याने शांतपणे नकाशा उलगडला आणि एक तुटक रेघ दाखवली. “ही तुमची पांदण ना, सर? क्रेन जायला हीच मोठी करावी लागेल. पक्की होईल. बारा महिने चालेल.”

वावराकडे जाणारी ती पांदण हे माझं जुनं दुखणं होतं. पावसाळ्यात काळ्या मातीत गुडघाभर पाय रुतायचा. एका वर्षी कापलेल्या सोयाबीनची सुडी वावरात रचून ठेवलेली, मळणीयंत्र आत जाईना, पाऊस थांबेना. आठ दिवसांनी जाऊन पाहिलं तर शेंगांतून कोंब बाहेर आले होते. त्या पांदणीसाठी मी पंचायतीला किती अर्ज लिहिले ते मला आठवत नाही. आणि इथे एक माणूस बोट ठेवून सांगत होता, बारा महिने.

शिवाय मला स्वतःला पटवायला पुस्तकातला धडा होताच. वर्षानुवर्षं मी फळ्यावर लिहीत आलो होतो : पवनऊर्जा, प्रदूषणमुक्त, न संपणारी. कोळशाच्या राखेपेक्षा वारा बरा, हे मला आजही वाटतं. पण वाऱ्याला उभं राहायला जागा लागते, आणि ती जागा कोणाची असते, हे धड्यात नव्हतं. मला मात्र ते माहीत होतं. त्याच महिन्यात दादांनी आमच्या वावरातून शेणखताच्या ट्रॉल्या वर नेल्या होत्या, मला विचारून. मी सही करत होतो तेव्हा ते खत ढिगाढिगांनी त्या ‘पडीक’ जमिनीवर पडलेलं होतं.

काम लवकर सुरू झालं, आणि कामाबरोबर गावही फाटलं. ज्यांच्या खाजगी जमिनीत टॉवर आला ते एका बाजूला. ज्यांच्या जमिनीवरून नुसती तार गेली ते दुसऱ्या. कंपनीच्या विरोधात सर्वांत आधी ज्या पुढाऱ्याने रस्ता अडवला आणि स्थानिकांच्या हक्कावर तासभर भाषण केलं, महिनाभरातच त्याच्या डंपरमधून मुरूम येऊ लागला. त्यानंतर त्याने भाषण केलं ते विकासावर. चहाच्या दुकानात यावर रोज तोंडसुख चालायचं. वीज गेली की कोणीतरी म्हणायचंच, “वरचे पंखे फिरून राहिले बाप्पा, अन घरातला बंद.” वरच्या पंख्यांची वीज आमच्या डोक्यावरून मोठ्या लाईनने दूर कुठेतरी जात होती. आमचं भारनियमन होतं तसंच राहिलं.

माझी पांदण मात्र पक्की झाली. खाली दगड अंथरून, वर मुरूम दाबून, चांगली दोन ट्रक जातील एवढी रुंद. मी पहिल्यांदा तिच्यावरून मोटारसायकल नेली तेव्हा मला जो आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही.

दादांनी जूनमध्ये नेहमीसारखं पेरलं. कपाशी, मध्ये तुरीची तासं. पंचनाम्याची त्यांना कल्पना नव्हती. मला होती. रविवारी धुऱ्यावर भेट झाली की ते “जय भीम, मास्तर” म्हणायचे, मी “राम राम, दादा” म्हणायचो, आणि लगेच वळायचो. मी धुऱ्याकडे जाणं कमी केलं.

सप्टेंबरच्या एका रविवारी मी वावरात असताना वरून जेसीबीचा आवाज आला. पोलिसांची गाडी पांदणीने वर गेलेली मी पाहिली होती. थोड्या वेळाने दादा उतार उतरून माझ्याकडे आले. धावत नव्हते, पण त्या वयात जितकं भराभर चालता येईल तितकं चालत होते. पायात चप्पल नव्हती.

“मास्तर, वर चला. तुमी धुरकरी आहा. त्यायले सांगा फक्त, की आमी पेरतो इथं. ते म्हंतात जागा पडीक आहे. कपाशी उभी आहे डोळ्यासमोर, अन म्हंतात पडीक आहे.”

मी म्हणालो, “दादा, कागद पाहावा लागेल. त्यांच्याकडे काय कागद आहे ते पाहू.”

“कागद कावून पायता? तुमच्या डोयानं पायलं ना तुमी, लहानपणापासून.”

“हो, पण सरकारी कामात असं तोंडी चालत नाही.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या क्षणी त्यांना काही कळलं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, कळलं. ते वळले आणि परत चढ चढू लागले. मी धुऱ्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. मोटारसायकल काढली आणि अकोल्याला आलो. वाटेत स्वतःला सांगत होतो, मी गेलो असतो तरी जेसीबी थांबला नसता.

त्या दिवशी निम्म्या जमिनीवरचं पीक गेलं. उरलेल्या निम्म्यासाठी दादांच्या मुलीने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागून स्थगिती मिळवली. ती अमरावतीला सरकारी नोकरीत आहे. एकेकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. माहितीच्या अधिकारात तिने सगळे कागद काढले, आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यातला एक घेऊन ती माझ्या घरी आली.

माझ्या बायकोने पाणी दिलं. तिने घेतलं नाही. कागद टीपॉयवर ठेवला.

“सर, ही सही तुमची आहे का?”

“सही माझी आहे, पण—”

“पण नाही विचारलं मी.”

ती आवाज चढवत नव्हती. फाइलवर शेरा वाचून दाखवावा तशी बोलत होती.

“हा एक कागद आहे म्हणून आम्ही हरतो, सर. बाबांच्या दंडाच्या पावत्या आहेत, जुनी पेरेपत्रकं आहेत. पण कंपनीचा वकील म्हणतो, हे सगळं जुनं. या वर्षी जागा रिकामी होती, पाच पंचांनी समक्ष पाहिली, त्यातला एक शेजारचाच शेतकरी आणि शिक्षक. साहेबांनी हा पंचनामा खरा धरला तर राहिलेली जमीनही जाते, आणि ती नावावर व्हायचा हक्कही जातो. कायमचा. बाकीचे चौघं काही बोलणार नाहीत. तुम्ही सुनावणीला येऊन खरं सांगाल का, एवढंच विचारायला आले.”

“पाहतो,” मी म्हणालो.

“पाहा,” ती म्हणाली, आणि उठली.

ती गेल्यावर बायकोने पाण्याचा पेला उचलला. “तुमी वर गेले होते काय त्या दिवशी?”

“नाही.”

“मंग पाहता काय? तेवढंच सांगून या.”

इतकं सोपं ते मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. कोणीतरी तिला माझ्या घरातून निघताना पाहिलं असावं. आवाज गोड होता. “सर, नोकरीची किती वर्षं राहिली तुमची? नाई, सहज विचारलं. खोट्या पंचनाम्यावर सही केली असं तुमीच म्हणाल, तर गुन्हा कोनावर लागते? कंपनीवर नाई लागत. अन रस्ता तर तुमी वापरूनच राहिले.”

पहिल्या सुनावणीच्या दिवशी शाळेत सराव परीक्षा होती. पर्यवेक्षणाच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी स्वतःहून ते घालून घेतलं. तीन तास वर्गात फेऱ्या मारल्या. एका मुलीने पुरवणी मागितली तर ती दोनदा हाक मारेपर्यंत मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं की त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, पुढची तारीख पडली. दादा मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत कचेरीच्या पायरीवर बसून होते, शिदोरी सोबत घेऊन. मुलीने त्यांना सांगितलं होतं की सर कदाचित येतील.

नशिबाने मला वाचवलं, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. पण त्या पायरीवरच्या माणसाचा विचार माझ्या मागे लागला. जेवताना, फळ्यावर लिहिताना. पुढच्या तारखेआधीच्या रविवारी मी गावी गेलो, आणि पंचनाम्यात जिथे हजर होतो असं लिहिलं आहे, तिथे सही केल्यानंतर प्रथमच गेलो.

खालून ते पंखे संथ, जवळजवळ शांत दिसतात. पायथ्याशी उभं राहिलं की तसं राहत नाही. प्रत्येक पातं खाली येताना हवा कापत जातं आणि तो आवाज छातीत बसतो. एक संपेस्तोवर दुसरा. दुपार कललेली होती. पात्यांची सावली जमिनीवरून सरकत यायची, उरलेल्या कपाशीवरून जायची, परत यायची. ज्या भागात जेसीबी फिरला होता तिथे ढिगाऱ्यात आडव्या पडलेल्या पऱ्हाट्यांना बोंडं तशीच होती. काही उमलली होती, मातीत कापूस बाहेर आला होता. कोणी वेचला नव्हता.

म्हाताऱ्याने रचलेल्या चार बांधांपैकी तीन दिसेनात. मी शोधत फिरलो. तिथे नुसती खरवडलेली जमीन होती आणि चाकांचे चर.

“आज आले काय पंचनाम्याले?”

दादा उरलेल्या एका बांधावर बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा होती, आणि ती मला रागापेक्षा जड गेली.

मी विचारलं, “बांध कुठे गेले, दादा?”

“तुमाले माईत नाई? तुमी तर रोज त्याच्यावरूनच येता.” त्यांनी खाली पांदणीकडे हात केला. “आमच्या बाचे दगड हायेत तुमच्या रस्त्याखाली. चांगले दगड होते. पावसानं रस्ता खचला, तं मुरमाचा ठेका ज्याच्याकडं होता त्यानं जेसीबीच्या मागून भरून नेले दोन दिवसांत. बाले पुरं आयुष्य लागलं होतं रचाले.”

मी तिथेच खाली बसलो. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, की मी चुकलो, की मला क्षमा करा. पहिला शब्द निघाला न निघाला तोच ते म्हणाले, “इथं नोका सांगू मास्तर. या पंख्याच्या आवाजात मलेच आयकू येत नाई, तं दुसऱ्या कोनाले येईन? खाली सांगा. जिथं लिवून घेतात तिथं सांगा.”

मग त्यांनी मला तंबाखू विचारली. मी खात नाही हे त्यांना माहीत आहे, तरी विचारली.

सुनावणीची खोली लहान होती. साहेबांचं टेबल, कंपनीचे वकील, कोपऱ्यात टंकलेखन करणारा एक लिपिक, भिंतीलगत बाकावर दादा आणि त्यांची मुलगी. दाराबाहेर सरपंच उभे होते. मी आत जाताना त्यांनी मान हलवली, तो नमस्कार होता की इशारा, हे पाहायला मी थांबलो नाही. मी टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

साहेबांनी पंचनामा पुढे केला. “पंच क्रमांक तीन तुम्हीच?”

“हो.”

“पाहणीच्या वेळी जागेवर हजर होता?”

“नाही.”

लिपिकाचे हात थांबले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग कुठे होता?”

“फाट्यावर. चहाच्या दुकानासमोर. कागद लिहून तयार होता. आमच्यापैकी कोणीच वर गेलं नाही.”

कंपनीचे वकील उठले. त्यांचं काम त्यांनी नीट केलं. “तुम्ही शिक्षक आहात. न वाचता सही करता? की आज कोणी शिकवून पाठवलं?”

इथे एक वाट मोकळी होती. ‘न वाचता केली’ म्हटलं असतं तर मी एक भोळा, घाईतला माणूस ठरलो असतो. ते शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. बाकाकडे मी पाहत नव्हतो, पण तिकडून कोणी हलत नाही हे मला जाणवत होतं.

“वाचून केली,” मी म्हणालो. “ती जमीन पडीक नाही, हे मला माहीत होतं. त्या महिन्यात त्यांचं खत माझ्याच वावरातून वर गेलं होतं. मी लहान होतो तेव्हापासून तिथे त्यांचं पीक आहे. मला रस्ता हवा होता, म्हणून सही केली.”

“याचा परिणाम तुमच्यावर काय होऊ शकतो, कल्पना आहे?” साहेबांनी विचारलं.

“आहे.”

लिपिक टंकत होता. मी थांबून म्हणालो, “साहेब, एवढंही लिहा, की मी या कुटुंबाची माफी मागतो.”

साहेबांनी लिपिकाला हातानेच थांबवलं. “जबाबात माफी येत नाही. वस्तुस्थिती तेवढी येते. तिची नोंद झाली. निर्णय राखून ठेवतो.”

त्यांनी फाइल ओढली. कंपनीचे वकील मोबाइल पाहत दाराकडे निघाले. माझ्यावर चौकशी लागेल की नाही, दादांची जमीन राहील की नाही, हे मी लिहीत असतानाही ठरलेलं नाही. पण त्या वेळी खोलीत साहेब होते, लिपिक होता, उघड्या दारात सरपंच होते, आणि पंख्याचा आवाज नव्हता. मी बाकाकडे वळलो. दादा उठायला लागले होते. मुलीने त्यांच्या कोपराला धरलं होतं. मी हात जोडले आणि माझ्या घरच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो :

“दादा, तुमचं वावर पडीक नव्हतं. मले माहीत होतं. मी रस्त्यापायी खोटं लिहून दिलं, अन तुमी बोलवाले आले त्या दिवशी मी पळून गेलो. तुमच्या बापाचे दगड माझ्या रस्त्याखाली गेले. माझं चुकलं. मले माफ करा.”